लोकांचा कौल आणि समीक्षेचे मौन

१

वर्षातील आवडता चित्रपट, आवडता नट आणि आवडती नटी प्रेक्षकांनी मतदान करून निवडावी, या प्रथेविषयी मराठी समीक्षाव्यवहारात दोन भूमिका प्रचलित आहेत. पहिल्या भूमिकेनुसार असा कौल समीक्षेच्या विचारकक्षेत येतच नाही. बहुसंख्यांची आवड ही बाजाराची बाब आहे, कलामूल्याचा निर्णय जाणकारांनी करावयाचा असतो आणि दोहोंची गल्लत झाली की अभिरुचीचा ऱ्हास होतो, असे ही भूमिका मानते. दुसरी भूमिका तुलनेने अलीकडची. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाला प्रतिष्ठा लाभल्यानंतर ती विद्यापीठीय वर्तुळात रुजली. तिच्या मते प्रेक्षकांचे मतदान म्हणजे अभिरुचीचे लोकशाहीकरण. मूठभर परीक्षकांच्या हातून निर्णयाधिकार काढून घेऊन तो सामान्य रसिकाकडे सोपवणारी ती कृती आहे आणि तिच्याकडे पाहून नाक मुरडणे हा केवळ अभिजनांचा अहंगंड आहे.

या दोन भूमिका परस्परविरोधी भासतात. प्रत्यक्षात दोहोंचे गृहीतक एकच आहे. मतदानातून प्रेक्षकाची अभिरुची व्यक्त होते, हे दोन्ही बाजू निमूटपणे मान्य करतात. फरक इतकाच की एक बाजू त्या अभिरुचीला हीन ठरवते आणि दुसरी तिला वंदन करते. हे गृहीतक कोणी तपासत नाही, कारण ते तपासले तर दोन्ही बाजूंची सोय नाहीशी होते. मत हा निर्णय आहे हे खरे; पण तो कारणांपासून तोडलेला निर्णय आहे. ‘हा चित्रपट आवडला’ या विधानातील ‘का’ आणि ‘कसा’ वगळल्यावर जे उरते ते मत. अशा अवशेषावरून अभिरुचीविषयी अनुमाने काढणे म्हणजे फुलाचा नुसता वजनकाटा पाहून गंधाविषयी बोलणे होय. तज्ज्ञ परीक्षक मंडळे आणि समीक्षकही या आक्षेपातून सुटत नाहीत, ही गोष्ट अधिक अप्रिय आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय हा विचार पूर्ण होत नाही.

२

प्रथम पहिल्या भूमिकेचा समाचार घेणे आवश्यक आहे. बहुमत म्हणजे हीन अभिरुची, हे समीकरण इतिहासाच्या पहिल्याच पायरीवर ढासळते. १९५२ साली सुरू झालेल्या ‘फिल्मफेअर’ या इंग्रजी पाक्षिकाने १९५४ मध्ये आपली पहिली पारितोषिके दिली ती वाचकांच्या मतदानावरून. पारितोषिके केवळ पाच होती. उत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दो बिघा जमीन’, दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता ‘दाग’मधील दिलीपकुमार, अभिनेत्री ‘बैजू बावरा’मधील मीनाकुमारी आणि संगीतकार त्याच चित्रपटाचे नौशाद. १९५३ साली सर्वाधिक गल्ला जमवणारा चित्रपट होता ‘अनारकली’. म्हणजे तिकीटबारीवरचा कौल एक होता आणि मतपत्रिकेवरचा दुसरा. सावकारी पाशातून जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची कथा चाहत्यांनी त्या वर्षी अग्रस्थानी बसवली. बहुसंख्यांना केवळ गाणी आणि शृंगार हवा असतो, हा सिद्धान्त येथे निरुत्तर होतो.

त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्येच, शासनाने राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके सुरू केली. तेथे निवड परीक्षकांची होती. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला. ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र लाभले. आता जाणकार आणि लोक या द्वंद्वाचे काय करावयाचे? साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेला, महाराष्ट्रातील घराघरांत रडून पाहिला गेलेला भावनाप्रधान चित्रपट परीक्षकांनी निवडला; इटालियन नववास्तववादाची छाया असलेला, तुलनेने संयत चित्रपट चाहत्यांनी निवडला. प्रचलित समजुतीप्रमाणे हे नेमके उलटे घडावयास हवे होते.

आणखी एक योगायोग लक्षणीय आहे. ‘फिल्मफेअर’ची ती पारितोषिके सुरुवातीला ‘क्लेअर्स’ या नावाने ओळखली जात. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपटसमीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले गेले होते. चाहत्यांच्या मतदानातून दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाला एका समीक्षकाचे नाव असावे, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नसावी. चाहता आणि समीक्षक यांच्यामधील भिंत नंतरची आहे. ती बांधण्यात समीक्षकांचा वाटा चाहत्यांपेक्षा मोठा आहे.

३

तथापि १९५४ चा हा दाखला दुसऱ्या भूमिकेच्या कैवाऱ्यांनी आपल्या बाजूचा समजू नये. ‘लोकांनी’ बिमल रॉय यांची निवड केली असे म्हणताना हे लोक कोण, हा प्रश्न विचारावाच लागतो. ते एका इंग्रजी पाक्षिकाचे वाचक होते. इंग्रजी वाचू शकणारा, अंक विकत घेणारा, मतपत्रिका भरून टपालाने पाठवण्याची तसदी घेणारा वर्ग म्हणजे चित्रपटगृहातील समग्र प्रेक्षक नव्हे. ‘अनारकली’ला तिकिटे काढून जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य या मतदानाच्या बाहेर होते. शिवाय जो मनुष्य ‘अनारकली’ दोनदा पाहतो तोच मतपत्रिकेवर ‘दो बिघा जमीन’ लिहू शकतो; कारण काय पाहावेसे वाटते आणि आपण कशाचे चाहते म्हणून ओळखले जावे असे वाटते, या दोन वेगळ्या इच्छा आहेत. मतपत्रिका दुसरी नोंदवते. ती अभिरुचीची साक्ष असण्यापेक्षा प्रतिष्ठेच्या कल्पनेची साक्ष अधिक असते.

पिएर बोर्द्यू यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी जनमत-चाचण्यांवर जो हल्ला चढवला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. प्रत्येकाजवळ मत असतेच, सर्व मते समान मोलाची असतात आणि कोणते प्रश्न विचारण्याजोगे आहेत याविषयी सर्वांचे एकमत असते, अशी तीन गृहीतके अशा चाचण्यांमागे दडलेली असतात, असे त्यांनी दाखवून दिले. चाहत्यांच्या मतदानात तिसरे गृहीतक सर्वांत घातक ठरते. ‘आवडती खलनायिका’ हा विभाग असावा आणि ‘आवडते संकलन’ हा नसावा, हे मतदार ठरवत नाही. पाच नावांची यादी त्याच्यापुढे येते तेव्हा निर्णयाचा मोठा भाग झालेला असतो. उरलेल्या निर्णयाला ‘जनतेचा कौल’ हे नाव मिळते.

मराठीतील प्रमुख उदाहरण आहे ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ हा ‘झी टॉकीज’ वाहिनीचा उपक्रम. वाहिनी २००७ साली सुरू झाली आणि हा उपक्रम २००९ साली. मोबाइलचा लघुसंदेश हे ज्याच्या त्याच्या हाती आलेले साधन होते आणि त्याच्या जोरावर प्रथमच मराठी चित्रपटाचा प्रेक्षक मोठ्या संख्येने मतदार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. गावखेड्यातील, इंग्रजी पाक्षिक कधी न वाचलेला प्रेक्षक येथे मोजला गेला. १९५४ च्या मतदाराहून हा मतदार निश्चितच व्यापक आहे. परंतु प्रश्नाचे शीर्षकच पाहावे. ‘फेव्हरेट कोण?’ असे विचारले जाते, ‘का?’ असे विचारले जात नाही. या प्रश्नाचे उत्तर एका नावात संपते. शिवाय विचारणारी वाहिनी ज्या उद्योगसमूहाची, तोच समूह चित्रपटांची निर्मिती आणि वितरणही करतो; ‘सैराट’ (२०१६) सारख्या चित्रपटाच्या निर्मितीत त्याचा सहभाग होता. कोणी लबाडी केली असा आरोप करण्याची येथे गरज नाही. यादी करणारा, चित्रपट पोहोचवणारा, मतदान घेणारा आणि मतदानाचा सोहळा विकणारा जेव्हा एकाच छत्राखाली असतो, तेव्हा त्या निकालाला जनतेच्या अभिरुचीचा आरसा म्हणणे हा पद्धतिशास्त्रीय निष्काळजीपणा ठरतो. मग हेतू कितीही शुद्ध असोत.

याहून मूलभूत अडचण मतदानाच्या आधीची आहे. मत देण्यासाठी चित्रपट पाहिलेला असावा लागतो आणि पाहण्यासाठी तो गावात लागावा लागतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी प्रदर्शितही झाला नव्हता. पुरस्कारानंतर काही महिन्यांनी तो चित्रपटगृहांत आला. बहुपडदा चित्रगृहांत मराठी चित्रपटांना सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ मध्ये राज्य शासनाला हस्तक्षेप करावा लागला, ही घटना येथे आठवावी. ज्या प्रेक्षकाला एखादा चित्रपट पाहावयासच मिळाला नाही, त्याने तो नाकारला असे म्हणता येत नाही. पण मतमोजणीत न पाहिलेले आणि नाकारलेले यांची गणना एकच असते: शून्य.

उरला गणिताचा प्रश्न. पाच चित्रपट आणि शंभर मतदार कल्पावेत. मते अनुक्रमे २८, २४, २०, १६ आणि १२ पडली, तर २८ मतांचा चित्रपट ‘सर्वांचा आवडता’ ठरतो. उरलेल्या ७२ जणांनी त्याला निवडलेले नसते. त्या ७२ जणांचा तो दुसऱ्या पसंतीचा होता की अखेरच्या, हे कळावयास मार्ग नाही. एकाच जातकुळीचे दोन चित्रपट एकाच वर्षी आले की मते विभागली जातात आणि तिसराच पुढे सरकतो. बहुमताच्या निर्णयातील हे पेच कोंदोर्से याने १७८५ सालीच मांडले होते. तीन किंवा अधिक पर्यायांतून व्यक्तींच्या पसंतिक्रमांची बेरीज करून समाजाचा सुसंगत पसंतिक्रम काढण्याची सर्वार्थाने निर्दोष रीत असू शकत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले. अभिरुचीच्या लोकशाहीकरणाची ग्वाही देणाऱ्यांनी लोकशाहीचे हे प्राथमिक गणित तरी विचारात घ्यावयास हवे होते.

४

येथवरचा युक्तिवाद वाचून पहिल्या भूमिकेचे कैवारी सुखावण्याची शक्यता आहे. त्यांनी आपल्या घराकडेही पाहावे. परीक्षक मंडळ निर्णय देते तेव्हा काय देते? एक नाव, आणि फार तर दोन ओळींचे प्रशस्तिपत्र. त्या ओळीत संयत हाताळणी, प्रभावी अभिनय, सामाजिक आशय अशी विशेषणे असतात. ती एका चित्रपटावरून काढून दुसऱ्यावर चिकटवली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. मतदाराचा निर्णय कारणविहीन असतो कारण त्याला कारण विचारलेले नसते. परीक्षकाचा निर्णय कारणविहीन असतो कारण त्याने ते देण्याची गरज मानलेली नसते. यांपैकी अधिक दोषी कोण हे उघड आहे. पाचसात जणांनी बंद दाराआड केलेले मतदान हेही मतदानच. संख्या कमी झाल्याने त्याची समीक्षा होत नाही.

कारण न देणाऱ्या निर्णयावर विश्वास ठेवण्याची वेळ आली की त्याच्या विश्वासार्हतेला तडा जाण्यास फार लागत नाही. १९७३ साली प्राण यांनी ‘बेईमान’साठी मिळालेले साहाय्यक अभिनेत्याचे ‘फिल्मफेअर’ पारितोषिक नाकारले. ‘पाकीजा’चे दिवंगत संगीतकार गुलाम मोहम्मद यांना डावलून संगीताचे पारितोषिक ‘बेईमान’ला दिल्याचा तो निषेध होता. ऋषी कपूर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, ‘बॉबी’साठी मिळालेल्या पुरस्कारापायी आपण तीस हजार रुपये मोजल्याची कबुली दिली. या घटनांचा अर्थ सर्व पारितोषिके विकाऊ असतात असा नाही. निर्णयाबरोबर कारणे मांडली गेली असती तर त्या कारणांचा प्रतिवाद करता आला असता. ती नव्हती म्हणून केवळ निषेध किंवा कबुली हेच मार्ग उरले, असा त्यांचा अर्थ आहे.

मराठी सौंदर्यशास्त्राने सौंदर्यवाचक विधानाचे स्वरूप काय, या प्रश्नावर मर्ढेकरांपासून पाटणकरांपर्यंत मोठी तात्त्विक शक्ती खर्च केली आणि ती व्यर्थ गेली असे कोणी म्हणणार नाही. कांटच्या आस्वादनिर्णयाचे जे विवेचन रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) आहे, त्या तोडीचे फार थोडे लेखन भारतीय भाषांत झाले असेल. परंतु विधान करणारा मनुष्य कोठे बसलेला आहे, त्याच्या शेजारी कोण आहे, तिकीट किती रुपयांचे आहे, हे प्रश्न त्या चर्चेत आले नाहीत. सहृदय हा नेहमी एकटा कल्पिला गेला. चित्रपटाचा प्रेक्षक एकटा नसतो. समुदायातील आस्वादाविषयी बोलण्याची परिभाषाच समीक्षेने घडवली नाही. मग तो समुदाय मतदार होऊन पुढे आला तेव्हा एका गटाने पाठ फिरवली आणि दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या. या दोन्ही कृती परिभाषेच्या अभावातून आलेल्या आहेत.

५

अशी परिभाषा परंपरेत नव्हती असे मात्र नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील रससूत्रावर जेवढी शाई सांडली, तिच्या तुलनेत सत्ताविसाव्या अध्यायाकडे दुर्लक्ष झाले. हा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशापयशाचा आहे. भरत येथे मानुषी आणि दैवी अशा दोन सिद्धी मानतो. स्मित, हास्य, मोठ्याने हसणे, साधुकार, आश्चर्याचे व दुःखाचे उद्गार या मानुषी सिद्धीच्या वाचिक खुणा होत; अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या उधळणे या शारीरिक खुणा. दैवी सिद्धीची खूण वेगळी: रंगमंडप भरलेला असावा आणि तरीही आवाज, क्षोभ, गडबड काहीही नसावी.

यानंतर भरत प्रेक्षकांचे भेद सांगतो. तरुणांना शृंगार रुचतो, विरक्तांना मोक्षपर कथा, शूरांना युद्ध आणि रौद्र, वृद्धांना पुराणाख्याने. एकाच प्रेक्षकाच्या ठायी सर्व गुण असणे संभवत नाही हे तो मान्य करतो आणि म्हणून वादाच्या प्रसंगी निर्णयासाठी प्राश्निकांची योजना करतो. हे प्राश्निक कोण? यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, वैयाकरण, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते मत द्यावयाचे. यज्ञाचा प्रसंग यज्ञवेत्त्याने पाहावयाचा, शृंगारोपचार गणिकेने. गुणदोषांची नोंद ठेवावयाची आणि त्या नोंदीवरून विजेत्याला पताका द्यावयाची.

या व्यवस्थेत वर्णव्यवस्थेचे आणि राजसत्तेचे पूर्वग्रह आहेत. तिचे पुनरुज्जीवन करावे असे सुचवण्याचा प्रश्नच नाही. मुद्दा असा की भरताने ज्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या त्या आधुनिक पारितोषिकाने एकत्र कालवल्या. समुदायाचा देहधारी प्रतिसाद ही एक गोष्ट, प्रेक्षकांतील रुचिभेद ही दुसरी, विशिष्ट अंगाचा जाणता निर्णय ही तिसरी. मतदानात तिन्हींची एक बेरीज होते आणि परीक्षक मंडळाच्या निकालातही तीच होते.

‘सैराट’चे उदाहरण घेतल्यास या भेदाची उपयुक्तता कळून येते. हा चित्रपट महाराष्ट्रभर पाहिला जात असताना ‘झिंगाट’ गाण्याला प्रेक्षक आसने सोडून पडद्यापुढे नाचत होते. त्याच प्रयोगात, तोच प्रेक्षक, अखेरच्या ध्वनिविरहित दृश्यापाशी स्तब्ध होत होता. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर एकाच खेळात मानुषी सिद्धी आणि दैवी सिद्धी दोन्ही घडत होत्या, आणि पहिलीशिवाय दुसरी शक्य नव्हती; नाचणाऱ्या समुदायालाच शेवटी गप्प करण्यावर नागराज मंजुळे यांच्या रचनेचा सारा भार होता. या चित्रपटाला मिळालेले एक मत यांपैकी कशाला मिळालेले असते? नाचाला की स्तब्धतेला? मतपत्रिका सांगू शकत नाही. रिंकू राजगुरू हिच्या अभिनयाचा राष्ट्रीय परीक्षकांनी विशेष उल्लेख केला. तो उल्लेखही याविषयी काही सांगत नाही. आणि ज्या समीक्षकांनी केवळ अखेरच्या दृश्याचा गौरव करून नाचाकडे बाजाराची तडजोड म्हणून पाहिले, त्यांनी चित्रपट अर्धाच वाचला.

मराठी रंगभूमीलाही हे भान होते. संगीत नाटकातील ‘वन्स मोअर’ हा कौलच होता. पण तो ज्या पदाला दिला त्या पदापाशी, त्या जागेपाशी दिला जाई, आणि नटाला तो तत्क्षणी ऐकू येई. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला तेव्हा दोघांच्याही चाहत्यांची ईर्षा नाट्यगृहात होती. तरीही त्या ईर्षेला पदापदांचा, तानांचा आधार होता. भोसल्यांचा चाहता काय ऐकून भोसल्यांचा झाला हे त्याला सांगता येत असे आणि गंधर्वांच्या चाहत्याशी त्याला त्यावर वाद घालता येत असे. चित्रपटाच्या चाहत्यालाही ते सांगता येते. त्याला कोणी विचारत नाही, एवढाच फरक.

६

हा प्रश्न नाशिकच्या अनुषंगाने विशेष तीव्र होतो. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर आपला व्यवसाय नाशिकला हलवला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी येथेच उभी राहिली आणि १९४४ मध्ये त्यांचे देहावसानही येथेच झाले. त्यांच्या प्रेक्षकांचा कौल कोणत्या रूपात उरला आहे? गल्ल्याच्या आख्यायिकांच्या रूपात. ‘लंकादहन’च्या (१९१७) उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून बंदोबस्तात न्यावी लागली, ही कथा प्रत्येक इतिहासकार सांगतो. त्याच चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. एकाच देहात राम आणि सीता पाहताना १९१७ च्या प्रेक्षकाला काय वाटले असेल, हा चित्रपटाभ्यासातील अत्यंत मोलाचा प्रश्न आहे. नाण्यांची बैलगाडी त्याचे उत्तर देत नाही. नाणी मोजली गेली, प्रतिसाद लिहिला गेला नाही.

पुढे १९२७-२८ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीने देशभर साक्षी घेतल्या. फाळके यांचीही साक्ष झाली. हिंदुस्थानात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून अहवालात डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’चा उल्लेख आहे. या लोकप्रियतेचे साक्षीदार मुख्यतः व्यावसायिक, अधिकारी आणि प्रतिष्ठित नागरिक होते. चार आण्यांच्या प्रेक्षकाविषयी इतरांना विचारले गेले. त्याची स्वतःची कारणे नोंदली गेली नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळात नाशिकहूनच ‘गावकरी’ समूहाने ‘रसरंग’ हे चित्रपटविषयक साप्ताहिक चालवले. इसाक मुजावर यांच्यासारखा संपादक त्याला लाभला आणि फाळके यांच्या नावाची गौरवचिन्हे त्याने मराठी चित्रपटसृष्टीला दिली. अशा साप्ताहिकांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात चाहत्याची भाषा आढळते: एखाद्या नटीने पदर कसा सावरला, गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात कॅमेरा कोठे गेला, नायकाच्या तोंडी अमुक बोली का शोभली नाही. ही समीक्षाच होय. ती कच्ची असेल, अतिशयोक्त असेल; परंतु तिच्यात ‘का’ आहे. मराठीच्या किती पदव्युत्तर विभागांनी या पत्रव्यवहाराकडे साधन म्हणून पाहिले? वाचकप्रतिसादाचे पाश्चात्त्य सिद्धान्त अभ्यासक्रमात आले, याउस यांच्या ‘अपेक्षाक्षितिजा’वर प्रश्नपत्रिकांत प्रश्न आले; पण अपेक्षाक्षितिज ज्या कागदांत शोधावयाचे ते कागद रद्दीत जात राहिले. सिद्धान्त आयात करून साधने फेकून देणारी ही ज्ञानव्यवस्था आज मतदानाच्या निकालांना ‘प्रतिसादाची आकडेवारी’ समजून प्रबंधात घेते, यात नवल नाही. तिच्यापाशी दुसरे काही उरलेलेच नाही.

७

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे. आवडीला कारण मागणे हाच चाहत्यावरील अन्याय होय. आवड ही कारणापूर्वीची गोष्ट असते आणि तिला युक्तिवादाच्या चौकटीत बसवणे म्हणजे पुन्हा शिक्षितांची सत्ता लादणे, असे म्हटले जाईल. हा आक्षेप दयाळू दिसतो, पण मुळात अवमानकारक आहे. कारण देणे ही शिक्षितांची मिरास आहे असे तो गृहीत धरतो. चित्रपटगृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जो वाद चालतो त्यात कारणांखेरीज दुसरे असते काय? आस्वादनिर्णयाला सिद्धता देता येत नाही हे कांटने सांगितले. त्याच कांटने असेही सांगितले की आस्वादनिर्णय करणारा इतरांच्या संमतीची मागणी करत असतो. मागणी करावयाची आणि ती का करतो हे सांगावयाचे नाही, हा व्यवहार फक्त मतपेटीत शक्य आहे. कारण म्हणजे सिद्धता नव्हे. कारण म्हणजे समोरच्याला पुन्हा पाहावयास लावण्याचा मार्ग. ‘त्या प्रसंगाकडे असे पाहा’ एवढेच त्याचे म्हणणे असते. हा मार्ग चाहत्याला बंद करून त्याच्या हाती केवळ एक नाव देणे, याला सन्मान म्हणता येणार नाही.

म्हणून मतदान बंद करावे अशी मागणी निरर्थक आहे. ते चालेल आणि त्यात लोकांना आनंदही आहे. मागणी वेगळ्या ठिकाणी करावयास हवी. शासकीय आणि अशासकीय परीक्षक मंडळांनी आपला निर्णय सविस्तर कारणांसह, मतभेदांसह, प्रसिद्ध करावा. न्यायालय जर अल्पमताचे निकालपत्र छापू शकते तर पारितोषिक मंडळाला त्यात अडचण असू नये. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी जुन्या चित्रपटसाप्ताहिकांचे अंक आणि वाचकांची पत्रे गोळा करावीत. नाशिकमधील संस्थांवर, फाळके आणि ‘रसरंग’ यांच्या वारशामुळे, ही जबाबदारी प्रथम येते. आणि समीक्षकांनी लोकप्रिय चित्रपटावर लिहिताना तो कोणाला आवडला याची समाजशास्त्रीय नोंद करून थांबू नये. त्यात आवडण्याजोगे नेमके काय आहे हे दृश्यादृश्यांतून दाखवावे, आणि जे आवडण्याजोगे नाही तेही तितक्याच तपशिलाने दाखवावे.

हे काम समीक्षेने आजवर टाळले. लोकांच्या कौलाला तिने कधी हीन म्हटले, कधी पवित्र म्हटले. दोन्ही वेळा त्याच्याशी वाद घालण्याचे श्रम वाचवले. चाहता निदान मत देऊन मोकळा होतो आणि टपरीवर जाऊन भांडतो. समीक्षकाने मतही दिले नाही आणि तो भांडलाही नाही, तर या व्यवहारात त्याचे स्थान काय, हा प्रश्न आता चाहत्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.